लोकल व्हेरिएबलमध्ये कॉपी घेऊनही पॉइंटर नल कसा? कंपायलरचा बग समजायचा का?

पॅकेट_पुणेकर

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा गेटवे बॉक्स आहे. चार कोअरचा कॉर्टेक्स-ए53, 64-बिट, कर्नल 6.1. त्यावरच्या इथरनेट चिपचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, आमची टीमच तो सांभाळते. मागच्या महिन्यात टूलचेन बदलली, जीसीसी 7 वरून 12 वर आलो. ड्रायव्हरची एक ओळही बदललेली नाही, पण लोड टेस्टला आता ऊप्स (कर्नलने छापलेला क्रॅशचा अहवाल) यायला लागलाय.

येणाऱ्या पॅकेटवर फिल्टर लावायची सोय ड्रायव्हरमध्ये आहे. नेटलिंकवरून (यूजर प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातला संदेशांचा मार्ग) कमांड आली की फिल्टर बसतो, दुसरी आली की निघतो. रिसीव्हच्या बाजूचा कोड थोडक्यात असा (प्रिव्ह म्हणजे ड्रायव्हरचा डेटा, एसकेबी म्हणजे पॅकेट):

```
फि = प्रिव्ह->फिल्टर;
इफ (!फि)
    गोटू सरळ;
/* व्हीलॅन टॅग, आयपी हेडर, पोर्ट वाचणारा इनलाइन कोड */
फि->तपास(प्रिव्ह, एसकेबी);
```

आणि फिल्टर काढताना (केफ्री म्हणजे मेमरी परत देणं):

```
जुना = प्रिव्ह->फिल्टर;
प्रिव्ह->फिल्टर = नल;
केफ्री(जुना);
```

ऊप्समध्ये पत्ता दिसतो 0000000000000010. «तपास» हा फंक्शन पॉइंटर स्ट्रक्चरच्या सोळाव्या बाइटवर आहे, म्हणजे शेवटच्या ओळीत फि नल होता हे नक्की. पण फि नल नाही हे तर मी वरच बघितलंय! फि माझं स्वतःचं लोकल व्हेरिएबल आहे. दुसऱ्या कोअरने प्रिव्ह->फिल्टर नल केलं तरी माझ्या कॉपीला धक्का का लागावा?

आणखी दोन गोष्टी. नल-तपासणी आणि वापर यांच्या मधे कुठेही एक प्रिंट-के (कर्नलमधला प्रिंट) टाकला की बग गायब होतो. ऑप्टिमायझेशन ओ-2 वरून ओ-1 वर आणलं तरी गायब होतो.

ऑफिसात दोन मतं आहेत. एक म्हणजे हा जीसीसी 12 चा बग आहे, रिपोर्ट करा आणि तोवर जुनी टूलचेन वापरा. दुसरं म्हणजे अलाइन केलेला 64-बिट पॉइंटर आर्मवर एका झटक्यात वाचला जातो, तेव्हा इथे रेस (दोन कोअरनी लॉकशिवाय एकाच जागी एकाच वेळी वाचणं-लिहिणं) असली तरी निरुपद्रवी आहे, ऊप्सचं कारण दुसरीकडे शोधा. मला दोन्ही पटत नाहीत, पण खोडून काढता येत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

सह्याद्री_एम्बेडेड

स्ट्रक्चरमध्ये फिल्टरच्या आधी व्होलटाइल लावून बघा. आम्ही सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये एका फ्लॅगला तेच केलं होतं, त्रास थांबला. कंपायलरला कळतं की ही किंमत बाहेरून बदलू शकते.

---

टीएक्स_रिंग

पुणेकर, जीसीसीकडे बग टाकू नका. तो «भाषेच्या नियमात बसतं» म्हणून बंद होईल आणि ते बरोबरच असेल. तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांचं हार्डवेअरबद्दलचं म्हणणंही खरं आहे, फक्त ते या प्रश्नाचं उत्तर नाही. मी बरीच वर्षं नेटवर्क ड्रायव्हरच करते आहे आणि «निरुपद्रवी रेस» या शब्दांवर मी कोड पास करत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ऑब्जेक्ट फाइलचं डिसअसेम्बली (मशीन कोडचं वाचता येईल असं रूप) काढा आणि रिसीव्हच्या फंक्शनमध्ये प्रिव्ह->फिल्टरच्या ऑफसेटवरून किती वेळा लोड होतंय ते मोजा. माझा अंदाज आहे की दोनदा होत असेल. एकदा नल-तपासणीसाठी, आणि हेडर वाचून झाल्यावर पुन्हा, «तपास» बोलावण्याआधी.

लोकल व्हेरिएबल म्हणजे मेमरीतली वेगळी जागा किंवा राखून ठेवलेलं रजिस्टर, असं आपण मनात धरतो. कंपायलर तसं धरत नाही. त्याच्या लेखी फि हे एका किमतीचं नाव आहे, आणि ती किंमत प्रिव्ह->फिल्टरमध्येही पडून आहे. तो घरात एकटाच राहतो असं समजून वागतो: सकाळी फडताळात ठेवलेला डबा संध्याकाळी तिथेच असणार, मग दिवसभर हातात धरून कशाला बसायचं? तुमच्या हेडर वाचणाऱ्या कोडला रजिस्टरं हवी होती. त्याने फिचं रजिस्टर त्यांना दिलं आणि लागलं तेव्हा मेमरीतून परत आणलं. त्या दोन वाचनांच्या मधे दुसऱ्या कोअरवर नेटलिंकने नल लिहिलं. सी-11 पासून प्रमाण भाषेत असा डेटा रेस असलेला प्रोग्रॅम «अनडिफाइन्ड»च आहे, त्यामुळे एकटेपणा गृहीत धरायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. जीसीसी 7 ला त्या फंक्शनमध्ये रजिस्टरं पुरली असतील, एवढाच फरक.

प्रिंट-केचं कोडंही यातच सुटतं. प्रिंट-के हे बाहेरचं फंक्शन. आत काय होतं ते कंपायलरला दिसत नाही, म्हणून कॉलनंतर प्रिव्ह->फिल्टर तसंच राहिलं असेल असं त्याला म्हणता येत नाही. मग फिची आधी वाचलेली किंमत त्याला जपावीच लागते: एक्स19 ते एक्स28 मधल्या एखाद्या रजिस्टरमध्ये किंवा स्टॅकवर. म्हणजे प्रिंट-के टाकून तुम्ही कंपायलरला खरोखरची कॉपी घ्यायला भाग पाडलंत. अशा बगमागे लागलेल्या माणसाचे दिवसच्या दिवस यात जातात, कारण बघायला गेलं की तो नसतोच. वेळेतला फरक हे प्रिंटने बग जाण्याचं एक कारण असतं हे खरं, पण इथे तयार झालेला कोडच वेगळा आहे. दोन्ही बिल्डचं डिसअसेम्बली शेजारी ठेवून बघा.

सह्याद्री, तुमचा उपाय या ऊप्सपुरता चालेलही, पण कर्नलमध्ये व्होलटाइल डेटाच्या घोषणेवर लावत नाहीत, आणि ते नुसत्या रिवाजापोटी नाही. एकदा मेंबरला लावलं की लॉक धरून शांतपणे केलेली वाचनंही कंपायलरला एकेक करून करावी लागतात. आणि मुख्य म्हणजे कोड वाचणाऱ्याला कुठलं वाचन लॉकशिवाय आहे हे कळत नाही. खूण त्या वाचनावर हवी. त्यासाठीच रीड_वन्स आणि राइट_वन्स आहेत. आत तेही व्होलटाइलच वापरतात, पण त्या एका वाचना-लिखाणापुरतं. आधी ॲक्सेस_वन्स नावाचा मॅक्रो होता. जीसीसी 4.6 आणि 4.7 मध्ये तो स्ट्रक्चरसारख्या प्रकारांवर वापरला तर व्होलटाइल मधेच गळून पडायचं. म्हणून 3.19 मध्ये ही नवी जोडी आली आणि 4.15 मध्ये जुना मॅक्रो काढूनच टाकला.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर झेनची (एका मशीनवर अनेक पाहुण्या मशीन चालवणारा हायपरवायझर) सुरक्षा सूचना एक्सएसए-155 काढून वाचा, डिसेंबर 2015 ची. झेनमध्ये पाहुण्या मशीनचं नेटवर्क कार्ड म्हणजे दोन अर्धे ड्रायव्हर. एक पाहुण्याच्या कर्नलमध्ये, दुसरा, नेटबॅक, यजमानाच्या बाजूला. दोघांच्या मधे सामायिक मेमरीतली रिंग असते. पाहुणा रिंगमध्ये विनंती लिहितो आणि नेटबॅक ती तपासून पॅकेट उचलतो. आता तपासणी आणि वापर यांच्या मधे पाहुण्याने विनंती बदलली तर? कोड लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार केला होता. त्यांनी लोकल कॉपी घेतली होती, अगदी तुमच्यासारखीच. पण ती कॉपी ठेवायला कंपायलर बांधील नव्हता.

त्याच सूचनेतला पीसीआयबॅकचा (पाहुण्याला पीसीआय कार्ड वापरू देणारा यजमानाकडचा ड्रायव्हर) भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. तिथे सामायिक मेमरीतल्या कमांडवर एक स्विच होता. सी मध्ये वाचन एकच दिसतं. कंपायलरने त्याचं जंप टेबल केलं. कमांड टेबलच्या मर्यादेत आहे का बघायला एकदा वाचली, आणि टेबलात उडी मारायला पुन्हा एकदा वाचली. मधल्या काही नॅनोसेकंदांत पाहुण्याने आकडा बदलला की उडी टेबलाच्या बाहेर. फेलिक्स विल्हेल्म यांनी हे शोधलं. नेटबॅकमध्ये उपाय म्हणून रिंग_कॉपी_रिक्वेस्ट हा मॅक्रो आला. तो अख्खी विनंती सक्तीने बाहेर कॉपी करतो, आणि त्यानंतर रिंगकडे कुणी बघायचंच नाही. तिथे दुसऱ्या बाजूला शत्रू होता, तुमच्याकडे नेटलिंकची कमांड आहे. कंपायलरने केलेलं काम तेच.

आता माझ्या मते याहून महत्त्वाचं. तुम्ही नुसतं रीड_वन्स लावलंत तर हा ऊप्स थांबेल, आणि तुमचा ड्रायव्हर आजच्यापेक्षा धोकादायक होईल. काढण्याचा कोड पुन्हा बघा: नल लिहिल्याबरोबर केफ्री. रिसीव्हच्या कोअरने पॉइंटर एकदाच, व्यवस्थित वाचला. तो हेडर वाचतोय तोवर ती मेमरी सुटली, दुसऱ्याच कुणाला मिळाली, त्याने त्यात आपलं काही लिहिलं. मग «तपास»च्या जागी जो आकडा असेल तिथे कर्नल उडी मारणार. नल असताना निदान जागच्या जागी ऊप्स येतो आणि पत्ता 10 दिसतो. हे भोक आजही आहेच. दुसऱ्या वाचनात बहुतेक वेळा नल हाती लागत असल्यामुळे ते झाकलं गेलंय.

पॉइंटर एकदाच वाचला जावा, फिल्टर पूर्ण भरल्यावरच तो दिसावा, आणि वाचणारा आत असेपर्यंत मेमरी सुटू नये. या तिन्हींसाठी कर्नलमध्ये आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) ही सोय आहे:

```
आरसीयू_रीड_लॉक();
फि = आरसीयू_डिरेफरन्स(प्रिव्ह->फिल्टर);
इफ (फि) {
    /* हेडर वाचणं */
    फि->तपास(प्रिव्ह, एसकेबी);
}
आरसीयू_रीड_अनलॉक();
```

बसवताना फिल्टरची सगळी फील्ड भरून झाल्यावर शेवटी आरसीयू_असाइन_पॉइंटर. काढताना नल लिहायचं आणि जुना केफ्री_आरसीयूच्या हवाली करायचा, आधीचे वाचणारे बाहेर पडल्यावरच ते मेमरी सोडतं. नापीचा (कर्नलची पॅकेट गटाने हाताळायची पद्धत) कोड सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतरच्या कामाचा टप्पा) चालतो, त्यामुळे आताच्या कर्नलात रीड-लॉक न लिहिताही जमतं असं कुणी सांगेल. तरी लिहा. खर्च नगण्य आहे, लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) गप्प राहतं आणि पुढच्या माणसाला हद्द दिसते. स्ट्रक्चरमध्ये पॉइंटरला आरसीयूची खूण लावली की कुणी थेट वाचल्यास स्पार्स (कोड न चालवता तपासणारं साधन) ओरडेल.

कंपायलर तपासणीच उडवतो असाही प्रकार नेटवर्किंगमध्येच झालाय. 2009 मध्ये टन (आभासी नेटवर्क कार्ड) ड्रायव्हरच्या पोल फंक्शनमध्ये आधी पॉइंटरमधून सॉकेट वाचलं होतं आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल आहे का बघितलं होतं. जीसीसीने म्हटलं, वाचलाय म्हणजे नल नसणारच, आणि तपासणी काढून टाकली. त्यातून थेट कर्नल काबीज करता आला, आणि तेव्हापासून कर्नल नल-तपासणी न काढण्याच्या फ्लॅगसह कंपाइल होतो. तिथे रेस नव्हती, पण «मी तपासलंय» हे सी मध्ये लिहिणं आणि तपासणी प्रत्यक्षात राहणं वेगळं आहे, हे तिथेही तसंच.

---

पॅकेट_पुणेकर

ताई, मनापासून आभार. डिसअसेम्बली काढलं. जीसीसी 12 च्या बिल्डमध्ये त्याच ऑफसेटवरून दोन एलडीआर (लोड इन्स्ट्रक्शन) आहेत, मधे हेडरचा कोड, आणि कॉल एकही नाही. प्रिंट-के टाकलेल्या बिल्डमध्ये एकच एलडीआर, एक्स21 मध्ये, आणि «तपास»पर्यंत तेच रजिस्टर जपलेलं. जीसीसी 7 मध्येही एकच. दोन्ही सहकाऱ्यांना स्क्रीनवर दाखवलं, वाद तिथेच मिटला.

आरसीयूचा बदल केला. वाचताना एकच लोड, बसवताना साध्या एसटीआरच्या (स्टोअर) जागी एसटीएलआर (आधीच्या लिखाणांचा क्रम राखणारा स्टोअर) दिसतंय. पण काढताना, जिथे नल लिहितो, तिथे साधं एसटीआरच आहे. ते ठीक आहे का?

दुसरं. हुरूप आला म्हणून केसीसॅन (कर्नलमधल्या डेटा रेस पकडणारं साधन) चालू करून बोर्डवर टेस्ट लावली. फिल्टरबद्दल आता काही नाही, पण हे आलं: «डेटा-रेस इन चिप_स्टार्ट_एक्समिट / चिप_टीएक्स_क्लीन». व्हेरिएबल आहे रिंग->टेल. नापी पाठवलेली डिस्क्रिप्टर (रिंगमधल्या पॅकेटच्या नोंदी) साफ करून टेल पुढे सरकवते. स्टार्ट_एक्समिट (पॅकेट पाठवणारं फंक्शन) लॉकशिवाय तो वाचून रिंगमध्ये जागा आहे का बघतं. जागा नसली तर नेटइफ_स्टॉप_क्यू करतो, आणि तेवढ्यात जागा झाली असेल म्हणून पुन्हा एकदा टेल बघून, असल्यास क्यू चालू करतो. साफ करणारी बाजू टेल लिहिते आणि क्यू थांबलेली असली तर उठवते.

सिनियर म्हणतात रीड_वन्स, राइट_वन्स लावून रिपोर्ट बंद कर. लावू का? टेल फक्त एकच बाजू लिहिते आणि जुनी किंमत दिसली तरी फार तर जागा कमी दिसेल, म्हणजे हे तरी निरुपद्रवी ना?

(एक असंबद्ध वाटेल असं: अधूनमधून «ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट» असा वॉचडॉगचा (अडकलेल्या क्यूवर नजर ठेवणारा टायमर) मेसेज येतो. तो वर्षभरापासून येतोय, चिपचा दोष म्हणून आम्ही तो सोडून दिलाय.)

---

टीएक्स_रिंग

नलचं आधी: ते बरोबर आहे. नल लिहिताना त्याच्यामागे भरलेलं स्ट्रक्चर नसतं, म्हणून आधीच्या लिखाणांचा क्रम राखायची गरज नाही. मॅक्रो स्थिर नल ओळखतो आणि साधं राइट_वन्स करतो.

आता टेल. रिपोर्ट बंद करायला लावू नका, थांबा. तुमचा कंसातला मेसेज अजिबात असंबद्ध नाही. रिंग किती डिस्क्रिप्टरची आहे? लहान असेल, समजा 64 ची, आणि नापी एका फेरीत सगळी साफ करत असेल, तर मला जवळजवळ खात्री आहे की चिप निर्दोष आहे.

दोन कोअर काय करतात बघा. पाठवणारा: «थांबलो» हा बिट लिहितो, मग टेल वाचतो. साफ करणारा: टेल लिहितो, मग «थांबलो» बिट वाचतो. प्रत्येकजण आपलं लिहून दुसऱ्याचं वाचतो. प्रोसेसरमध्ये लिखाण आधी स्टोअर बफरमध्ये जातं, आणि ते इतरांना दिसायच्या आधी पुढचं वाचन उरकलेलं असू शकतं. दोघांचंही तसं झालं तर पाठवणाऱ्याला जुना टेल दिसतो, रिंग भरलेलीच वाटते आणि क्यू थांबलेली राहते. साफ करणाऱ्याला जुना बिट दिसतो, क्यू चालूच वाटते आणि तो उठवत नाही. रिंगमध्ये आणखी डिस्क्रिप्टर बाकी असती तर पुढच्या फेरीत कुणीतरी उठवलं असतं. पण ती शेवटची फेरी असेल तर आता चिपकडे पाठवायला काही नाही, साफ करायला काही नाही, इंटरप्टही येणार नाही. क्यू झोपून राहते, आणि ड्रायव्हरने वेगळं सांगितलं नसेल तर 5 सेकंदांनी वॉचडॉग तो मेसेज छापतो.

कंपायलरचाही यात हात असू शकतो. नेटइफ_स्टॉप_क्यूच्या आत सेट_बिट आहे, आणि किंमत परत न देणारे असे बिट-ऑपरेशन क्रमाची कसलीही हमी देत नाहीत. टेल साध्या पद्धतीने वाचला असेल तर दुसऱ्यांदा «पुन्हा बघताना» पहिल्याच वाचनाची किंमत वापरायची कंपायलरला मुभा आहे. मग तुमची दुसरी तपासणी कोडमध्ये दिसते आणि मशीनवर नसते. फिल्टरमध्ये त्याने एकाच्या जागी दोनदा वाचलं, इथे दोनाच्या जागी एकदा वाचेल.

म्हणून रीड_वन्स लागतंच, पण ते एवढंच सांगतं की हे वाचन खरोखर होऊ दे. प्रोसेसरने ते कधी करावं हे ते सांगत नाही. दोन्ही बाजूंना लिखाण आणि वाचन यांच्या मधे एसएमपी_एमबी (मेमरी बॅरिअर, म्हणजे आधीचं लिखाण आणि नंतरचं वाचन यांचा क्रम राखणारी रेघ) हवा:

```
/* पाठवणारा */
नेटइफ_स्टॉप_क्यू(डेव्ह);
एसएमपी_एमबी(); /* टीएक्स_क्लीनमधल्या बॅरिअरशी जोडी */
इफ (जागा(रीड_वन्स(रिंग->टेल)))
    नेटइफ_स्टार्ट_क्यू(डेव्ह);

/* साफ करणारा */
राइट_वन्स(रिंग->टेल, नवा);
एसएमपी_एमबी(); /* स्टार्ट_एक्समिटमधल्या बॅरिअरशी जोडी */
इफ (नेटइफ_क्यू_स्टॉप्ड(डेव्ह))
    नेटइफ_वेक_क्यू(डेव्ह);
```

साफ करणाऱ्या बाजूला उठवण्याआधी पुरेशी जागा आहे का हेही बघा, मी आखूड लिहिलंय. आणि त्या दोन कॉमेंट गाळू नका. जोडी कुठे आहे हे न लिहिलेला बॅरिअर दोन वर्षांनी कुणीतरी «वेग वाढवायला» काढतो.

हाच सापळा सॉकेटच्या पोलमध्ये होता. पोल करणारा स्वतःला वेट-क्यूत घालून रिसीव्हचा क्रमांक वाचतो. पॅकेट आणणारा क्रमांक पुढे सरकवून क्यूत कुणी आहे का बघतो. दोघांनाही जुनं दिसलं की डेटा येऊनही प्रोसेस झोपलेली. जुलै 2009 मध्ये दोन्ही बाजूंना बॅरिअर घालून ते दुरुस्त झालं.

तुमचे सिनियर म्हणतात तसं नुसतं रीड_वन्स लावलं असतं तर केसीसॅन गप्प झालं असतं आणि वॉचडॉगचा मेसेज चिपच्या नावावर तसाच राहिला असता. याच कारणासाठी मला «रिपोर्ट बंद करणं» आवडत नाही. केसीसॅन एवढंच दाखवतं की इथे दोन कोअर लॉकशिवाय भेटतात. खूण लावायच्या आधी लिहून काढा: कोण लिहितो, कोण वाचतो, आणि वाचणाऱ्याला जुनं दिसलं तर नंतर त्याला नवं कोण दाखवणार. तुमच्या प्रश्नात पहिल्या दोनांची उत्तरं होती, तिसऱ्याचं नव्हतं.

पुढेमागे कर्नल बदललात तर 6.4 पासून नेटइफ_टीएक्सक्यू_मेबी_स्टॉप आणि तिचे भाऊबंद तयार मिळतात. बॅरिअर त्यांच्या आत आहेत. प्रत्येक ड्रायव्हरने हा नाच स्वतः लिहायचा आणि प्रत्येकाने वेगळ्या जागी चुकायचं, हे त्यामुळे थांबू शकतं.

---

लिटमस_कोल्हापूर

मी एमटेकला आहे, हे वाचून राहवलं नाही. कर्नलच्या सोर्समध्येच टूल्स/मेमरी-मॉडेल आहे, 4.17 पासून. त्यातल्या लिटमस-टेस्ट्समध्ये स्टोअर बफरिंगच्या दोन तयार चाचण्या आहेत. हर्ड-7 (असे छोटे प्रोग्रॅम मेमरी मॉडेलवर तपासणारं साधन) वर चालवल्या. नुसत्या रीड_वन्स-राइट_वन्सवाल्या चाचणीचा निकाल «समटाइम्स», दोन्हीकडे एसएमपी_एमबी असलेलीचा «नेव्हर». मग एकाच बाजूचा बॅरिअर काढून बघितला, पुन्हा «समटाइम्स».

शंका: एक्स-86 वर तर क्रम कडक असतो ना? मग तिथे हे व्हायलाच नको.

---

टीएक्स_रिंग

छान केलंत, एक बाजू काढून बघायचं बहुतेकांना सुचत नाही. एक्स-86 वर बाकी सगळे क्रम जपले जातात, पण आधीचं लिखाण आणि नंतरचं वाचन हा एक क्रम तिथेही मोडतो. पुणेकरांच्या कोडमध्ये तर गंमतीदार फरक आहे. एक्स-86 वर सेट_बिट हे लॉक लावलेलं इन्स्ट्रक्शन असतं, म्हणून पाठवणाऱ्या बाजूला बॅरिअर फुकटात मिळतो. साफ करणाऱ्या बाजूला टेलचं लिखाण साधंच आहे, तिथे मिळत नाही. म्हणजे तुमची «एक बाजू काढलेली» चाचणी तीच एक्स-86 ची स्थिती. तिथेही क्यू झोपू शकते.

---

पॅकेट_पुणेकर

रिंग 64 चीच आहे! दोन्ही बॅरिअर घातले, शनिवार-रविवार पूर्ण लोड ठेवला, वॉचडॉगचा एकही मेसेज नाही. एवढ्यावरून बग गेलाच असं म्हणत नाही, टेस्ट चालूच ठेवतोय, पण याआधी दोन दिवस कधी कोरडे गेले नव्हते.

दोन शेवटचे प्रश्न. केसीसॅनने वाचणारी बाजू दाखवली, पण मी फक्त वाचनाला खूण लावून बघितली तर लिहिणारी बाजू साधी असूनही रिपोर्ट थांबला. मग राइट_वन्स लागतं का? आणि 64-बिट आरएक्स_बाइट्स काउंटर, तो एथटूलमधून (नेटवर्क कार्डाचे आकडे दाखवणारी कमांड) लॉकशिवाय वाचला जातो, त्याचं काय करू?

---

टीएक्स_रिंग

लागतं. केसीसॅनमध्ये एक पर्याय मुळातच चालू असतो: वर्डच्या आकारापर्यंतची अलाइन केलेली साधी लिखाणं अखंड होतात असं गृहीत धरणारा. सुरुवातीला रिपोर्टचा पूर येऊ नये म्हणून ती सवलत आहे. केसीसॅन_स्ट्रिक्ट लावा, लिहिणारी बाजूही दिसेल. साधं लिखाण तोडायची कंपायलरला मुभा आहे, आणि स्थिर आकडा दोन तुकड्यांत लिहिणं काही आर्किटेक्चरवर त्याला स्वस्त पडतं.

काउंटरसाठी यू64_स्टॅट्स_टी हा प्रकार आणि त्याचे सिंक मॅक्रो वापरा. 32-बिट मशीनवर ते सिक्वेन्स काउंटर लावून अर्धवट वाचन टाळतात. 64-बिटवर लॉक काहीच नसतो, फक्त कंपायलरला तो आकडा तोडू देत नाहीत.

एक तुम्ही विचारलं नाहीत ते. «तपास» फंक्शन ड्रायव्हरच्याच मॉड्यूलमध्ये आहे, की फिल्टर वेगळ्या मॉड्यूलमधून येतात? वेगळ्या असतील तर केफ्री_आरसीयू पुरत नाही. ते मेमरीसाठी थांबतं, पण तुमचं फंक्शन लगेच परत येतं. नेटलिंकने फिल्टर काढला आणि पाठोपाठ कुणी ते मॉड्यूल उतरवलं, तर एखादा कोअर अजून «तपास»च्या आत असताना त्याचा कोडच मेमरीतून जाईल. त्या मॉड्यूलच्या एक्झिटमध्ये फिल्टर काढल्यावर सिंक्रोनाइझ_नेट बोलवा, आणि ते परतल्यावरच बाहेर पडा.